सोपा किती खणी होता?

आमच्या तालुक्याच्या गावातला मोठा वाडा गेला, त्याला आता चार पावसाळे झाले. गावात विचारलं तर सगळे सांगतात, "वाडा पडला." ते खरं नाही. वाडा उतरवला. जुन्या लाकडाच्या धंद्यातला हा शब्द आहे आणि अगदी नेमका आहे. आधी कौलं काढली, मग वासे, मग कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या फळ्या, मग कड्या, मग तुळया आणि सगळ्यात शेवटी खांब. ज्या क्रमाने वर चढवलं त्याच्या बरोबर उलट क्रमाने खाली घेतलं. व्यापारी बाहेरगावचा, त्याची माणसं सराईत. खाचेत बसवलेली कुसवं त्यांनी अशी अलगद सोडवली की दोनशे वर्षांपूर्वीचा सुतार समोर असता तर त्यानेही मान डोलावली असती. तीन आठवड्यांत लाकूड ट्रकात चढलं. उघड्या पडलेल्या मातीच्या भिंती पहिल्याच पावसात बसल्या. गावाने पाहिलं ते एवढंच, म्हणून "पडला".

पुढचे दोन दिवस हळहळीचे होते. गावाची शान गेली, इतिहास गेला, वारसांना किंमत नाही, पैशापुढे कुणाला काही दिसत नाही वगैरे. ही हळहळ करणाऱ्यांत मीही होतो. पण त्या वाड्याच्या ओसरीवर शेवटची दहा वर्षं आपण कितीदा गेलो, असं स्वतःला विचारलं तेव्हा मी गप्प झालो. वाड्यात राहत होतं एक वयस्कर जोडपं, मागच्या चौकातल्या दोन खोल्यांत. बाकी वाडा कुलूपबंद. मिळकत पत्रिकेवर अकरा नावं, त्यातली सात जण गावाबाहेर आणि दोन मयत, ज्यांच्या वारसांची नोंद व्हायची होती. काका दर जूनमध्ये छपरावर निळं प्लास्टिक टाकायचे आणि वाऱ्याने ते उडालं की परत टाकायचे. आम्ही येता-जाता ते प्लास्टिक बघायचो. कुणी त्यावर हळहळल्याचं मला आठवत नाही.

अशा घराच्या मरणाचा दोष लाकडाला दिला जातो. लाकूडच ते, कधीतरी जाणारच. मला वाटतं, या एका समजुतीने जितके वाडे घालवले तितके वाळवीनेही घालवले नसतील. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या मोठ्या चैत्यगृहात जाऊन मान वर करून पाहावं. दगडात कोरलेल्या कमानी छताला लाकडी फासळ्या लावलेल्या आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेलं ते लाकूड अजून जागेवर आहे. त्याने कुणाकडून पॉलिश मागितलं नाही की रासायनिक लेप मागितला नाही. त्याला मिळालं ते एकच, डोक्यावर पावसाचं पाणी आलं नाही. सह्याद्रीच्या पावसात सागवान दोन हजार वर्षं टिकू शकतं, एवढा पुरावा आपल्याच डोंगरात असताना आपण "लाकूड टिकत नाही" म्हणतो.

वाडा मरतो तो पाण्याने, आणि पाणी येतं छपरातून. एक कौल सरकतं. वरचं पाणी भिंतीच्या डोक्यावर उतरतं, पांढऱ्या मातीत मुरतं आणि भिंतीत घुसलेल्या तुळईच्या तोंडाशी थांबतं. तुळईचा मधला भाग ठणठणीत, पण तोंड भिंतीत दडलेलं, ओलं, वारा न लागणारं. ते कुजायला लागतं तेव्हा खालून काहीच दिसत नाही. दिसतं तेव्हा कडीपाट एका बाजूला झुकलेला असतो आणि ओल लागली म्हणून वाळवीही आलेली असते. ही सगळी साखळी एका सरकलेल्या कौलापासून सुरू होते. म्हणून तर जुनी माणसं दरवर्षी पावसाळ्याआधी शाकारणी करून घ्यायची. वर चढायचं, फुटकी कौलं बदलायची, सरकलेली नीट बसवायची, किडलेला वासा दिसला तर काढायचा. लाकडी घराचं आयुष्य सुताराच्या कसबावर जितकं अवलंबून असतं, तितकंच या दरवर्षीच्या कंटाळवाण्या कामावर. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला, दगडी तट आणि जोती तेवढी उरली. ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते कारण आग दिसते. शाकारणी चुकली, हे इतिहासात कुणी लिहून ठेवत नाही.

मग शाकारणी थांबली का? इथे जरा मागे जायला हवं. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील, इनामदार यांच्या वाड्यांची डागडुजी त्यांच्या हौसेवर कधीच चालली नव्हती. ती चालली वतनाच्या, म्हणजे वंशपरंपरेने मिळालेल्या हक्काच्या उत्पन्नावर आणि जमीन कसणाऱ्या कुळांकडून येणाऱ्या खंडावर. कौलं कुंभाराकडून, काम सुताराकडून, ओझी वाहायला वेठीची माणसं. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाने पश्चिम महाराष्ट्रात जमीन कसणाऱ्याच्या नावावर झाली. १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतनं संपली, १९६२ मध्ये मुलकी पाटीलकी गेली. हे सगळं व्हायलाच हवं होतं, थोडं आधी झालं असतं तरी चाललं असतं. पण त्याचा एक परिणाम आपण कधी हिशेबात धरला नाही. वाडा मालकाकडे राहिला आणि वाडा सांभाळणारी जमीन गेली. त्यात १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, आणि अनेक कुटुंबांनी गाव सोडलं ते कायमचं. उरलेल्यांची मुलं शिक्षण-नोकरीसाठी गेली. सत्तर वर्षं हे छप्पर कुणाच्या पैशाने शाकारायचं, या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. आपण मात्र त्या घराकडून राजेशाही रुबाबाची अपेक्षा करत राहिलो.

आता कायद्याकडे वळू, कारण प्रत्येक हळहळीच्या शेवटी कुणीतरी "सरकारने ताब्यात घ्यायला हवा होता" म्हणतंच. आपल्या कायद्याला जुन्या घराच्या दोनच अवस्था नीट कळतात. एक म्हणजे स्मारक. केंद्राचा १९५८ चा कायदा आहे, राज्याचा १९६० चा आहे. दोन्ही मंदिरं, लेणी, किल्ले डोळ्यासमोर ठेवून केलेले. ज्यात माणसं राहतात, ज्यात फ्रीज आहे, ज्याच्या मागच्या चौकात मोटार बसवली आहे, असं घर त्यांच्या चौकटीत बसत नाही, आणि बसू नये हेच बरं. दुसरी अवस्था म्हणजे धोकादायक इमारत. नगरपालिकेचा अभियंता पावसाळ्यापूर्वी फेरी मारतो, झुकलेली भिंत पाहतो आणि नोटीस लावतो. ती नोटीस काही वेळा मालकालाच हवी असते, कारण नाममात्र भाड्यावर बसलेला भाडेकरू निघायला तोच एक रस्ता उरलेला असतो. या दोन टोकांच्या मध्ये जे घर आहे, म्हणजे जे पूजनीयही नाही आणि पडायलाही झालेलं नाही, फक्त गळतं आहे, त्याच्यासाठी सरकारदरबारी साधा रकानाही नाही.

रकाना अगदीच नाही, असंही कुणी म्हणेल. २०२० साली राज्याने बहुतेक शहरांसाठी एकच विकास नियंत्रण नियमावली आणली, तीत वारसा इमारतींची तरतूद आहे. घर पाडायचं नाही, म्हणून न वापरलेल्या चटईक्षेत्राचे हक्क टीडीआर म्हणून विकता येतात. मुंबईत, पुण्यात याला अर्थ आहे. ज्या गावात चार मजल्यांची इमारत झाली की लोक बघायला जातात, तिथे टीडीआर विकत घेणारा कोण? आणि त्यासाठी आधी नगरपालिकेची वारसा यादी लागते. ती यादी करायची म्हटली की वेगळीच पंचाईत. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरच्या आत बांधकामाला मनाई असते, हे लोकांनी ऐकलेलं असतं. तो नियम आपल्या वाड्याला लागू नाही, हे त्यांना कुणी सांगत नाही. "हेरिटेज" हा शब्द कानावर पडला की मालक घाबरतो, शेजारी त्याहून घाबरतो, आणि यादी होण्याआधीच वाडा उतरवून मोकळं व्हावं असा सल्ला चहाच्या टपरीवर फुकट मिळतो. वाचवण्यासाठी केलेल्या यादीनेच पाडायची घाई व्हावी, हा आपला नेहमीचा मासला.

सिमेंटविषयी दोन शब्द. लातूर-किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला आणि जुन्या घरांवरचा महाराष्ट्राचा विश्वास त्या पहाटेच गेला. तो जाणं स्वाभाविक होतं. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचा थर दिलेलं माळवद यांखाली माणसं झोपेत गेली. पण त्यातून जो धडा आपण घेतला तो अर्धाच होता. तिथल्या पाहणीत हेही दिसलं होतं की जिथे लाकडी सांगाडा नीट जोडलेला होता, तिथे भिंती ढासळूनही छत खांबांवर उभं राहिलं. मारलं ते दगडांनी आणि वर्षानुवर्षं वाढवत नेलेल्या मातीच्या ओझ्याने. त्या घरांतला लाकडी भाग हा त्यातल्या त्यात शहाणा भाग होता. गावोगावी लोकांनी काढला तो नेमका तोच, कारण विकला तोच जात होता.

आता कठीण प्रश्न. कुणाचा वाडा आणि कुणी वाचवायचा? माझा एक मित्र आहे, त्याचे आजोबा त्या वाड्याच्या दिंडीच्या, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या लहान दाराच्या आत कधी गेले नव्हते. म्हणजे जाऊ दिलं नव्हतं. धान्य आणायचे, बाहेरच्या कट्ट्यापाशी उतरवायचे, आणि वरून ओंजळीत पाणी मिळालं तर प्यायचे. वाडा गेल्यावर तो मला म्हणाला, "तुला वाईट वाटणं साहजिक आहे. तुझी माणसं ओसरीवर बसायची." याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं आणि अजूनही पुरतं नाही. वाड्यांवर लिहिणारे बहुतेक लोक महिरपी, केळफुलं, सुरूचे खांब यांत रमतात. माजघराचा अंधार आणि बाळंतिणीची कोंदट खोली त्यांच्या फोटोत येत नाही, दिंडीबाहेरचा कट्टा तर नाहीच. मालकांच्या घराण्याचा गौरव म्हणून वाडा राखायचा असेल तर सार्वजनिक पैशातला एक रुपयाही त्यावर जाऊ नये, असं माझं मत आहे.

पण वाडा मालकाचा असतो तो कागदावर. बांधला सुतारांनी, लोहारांनी, गवंड्यांनी, दगड घडवणाऱ्या पाथरवटांनी, कौलं भाजणाऱ्या कुंभारांनी. त्यांच्या सह्या कुठल्याच दप्तरात नाहीत. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा उभा आहे. तिथले कागद मेणवली दप्तर म्हणून अभ्यासकांना ठाऊक आहेत, पेशवाईचा कारभार त्यातून वाचता येतो. नानांचं अक्षर कागदावर सापडेल. तुळईखालचा हस्त, म्हणजे तिला पेलणारा लाकडी आधार, कोरणाऱ्याचं अक्षर मात्र त्या हस्तातच आहे, दुसरीकडे कुठेच नाही. शिवाय ज्या कट्ट्याशी माझ्या मित्राचे आजोबा थांबले तो कट्टाही त्याच वाड्याला होता. वाडा गेला तेव्हा त्या अपमानाची जागाही गेली. पुढच्या पिढीला "असं काही नव्हतंच हो आपल्या गावात" म्हणायला आता काहीच आडकाठी नाही. हे मी मित्राला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "मग कट्टा तेवढा ठेवायचा होता." त्यातही तथ्य आहे.

तर मग करायचं काय? माझं म्हणणं थोडं अजब वाटेल. सरकारने वाडा वाचवू नये, छप्पर वाचवावं. ताब्यात घेणं नको, संग्रहालय नको, रंगरंगोटी नको, दर्शनी भागावर दिव्यांची रोषणाई तर मुळीच नको. नगरपालिकेने फक्त एवढंच म्हणावं, तुमच्या शंभर वर्षांहून जुन्या लाकडी घराचं छप्पर आम्ही दरवर्षी पावसाळ्याआधी शाकारून देतो. आतल्या खोल्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. बाथरूम बांधा, फरशी बदला, एका सोप्यात, म्हणजे चौकाकडे उघड्या बैठकीत, शिकवणी चालवा. लाकडी घर कोरडं राहिलं की त्याच्याविषयीचा निर्णय पुढे ढकलता येतो, आणि अकरा वारसांच्या घरात निर्णय पुढे ढकलता येणं ही मोठी सोय आहे. आज ती सोय नसते. तुळई खचते, घाई होते, आणि घाईत लाकडाचा व्यापारीच तेवढा रोख पैसे घेऊन उभा असतो.

खर्चाचं विचाराल तर, कुठल्याही तालुक्याच्या गावात असे वाडे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. गावाच्या वेशीवर स्वागतकमान उभारायला जे लागतं त्यात या सगळ्यांची कित्येक वर्षांची शाकारणी निघेल. आणि हे दान नसावं. जेवढा खर्च होईल तेवढा बोजा मिळकत पत्रिकेवर चढवावा. घर उभं राहिलं तर बोजा हळूहळू उतरत जाईल. मध्येच वाडा उतरवून लाकूड विकलं, तर सगळी रक्कम व्याजासह वसूल व्हावी. बँक कर्ज देताना हेच करते, त्यात क्रांतिकारक काही नाही. वतनाच्या काळात गावाने घाम गाळून ही छपरं शाकारली आणि बदल्यात काही मिळालं नाही. या वेळी निदान गावाचं नाव त्या घराच्या उताऱ्यावर लागेल. माझ्या मित्राच्या प्रश्नाला माझ्याकडे जे अर्धंमुर्धं उत्तर आहे ते हे.

शाकारायला माणसं कुठून आणायची, ही खरी अडचण आहे. मंगलोरी कौलं बसवणारे आमच्या भागात दोघे उरले आहेत आणि दोघेही साठीच्या पुढचे. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवतात, त्यात पोरं प्लायवूडचं कपाट उत्तम करतात. कुजलेलं तुळईचं तोंड कापून त्याला नवा तुकडा सांधणं त्यांना कुणी दाखवलेलंच नाही. दरवर्षीचं काम असेल तर शिकणारे येतील. एका वाड्याचा एकदाच जीर्णोद्धार काढला तर पुण्याहून ठेकेदार येईल आणि बिल घेऊन परत जाईल.

वाडा उचलून दुसरीकडे नेणं हाही पर्याय लोक सुचवतात. स्टॉकहोमला १८९१ पासून जुनी लाकडी घरं हलवून वसवलेलं उघड्यावरचं संग्रहालय आहे. चेन्नईजवळ दक्षिणचित्रमध्ये दक्षिणेतली घरं अशीच नेऊन उभी केली आहेत. पुण्याच्या केळकर संग्रहालयात कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष मांडलेले आहेत. रिसॉर्टच्या स्वागतकक्षात खांबांना छत्र्या टांगण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. पण गावातून घर गेलं ते गेलंच. गल्लीचं वळण ज्या भिंतीमुळे पडलं होतं ती भिंत संग्रहालयात जात नाही. हलवणं हा उपाय म्हणून मान्य करायचा तर तो शेवटचा, आणि तोही प्रत्येक खांबावर, कडीवर खडूने नंबर घालून.

नंबरावरून आठवलं. माझी दुसरी मागणी इतकी लहान आहे की ती करायलाही संकोच वाटतो. ज्याला वाडा पाडायचाच आहे त्याने पाडावा. मात्र परवानगीच्या अर्जाला त्या घराचा मोजून काढलेला नकाशा जोडलेला असावा. नव्या बांधकामाचे नकाशे मागतो, मग पडणाऱ्या घराचा एक मागायला काय हरकत आहे? जवळच्या वास्तुशास्त्र महाविद्यालयातली चार मुलं दोन दिवसांत हे काम करतील. किती चौक, कुठे पडवी, जिना कुठून, धान्याचं बळद कुठे, कट्टा किती उंच.

याचं कारण अगदी घरगुती आहे. परवा भाचीला वाड्याचं वर्णन सांगत होतो. म्हटलं, दिंडीतून आत गेलं की समोर चौक आणि डाव्या हाताला सोपा. तिने विचारलं, केवढा? मी म्हटलं, पाच खणी. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. माझा थोरला भाऊ पेपर वाचत होता, तो तिथूनच म्हणाला, सात. आम्ही दोघंही त्या सोप्यावर वाढलो आहोत, कॅरम खेळलो आहोत, आणि आमच्यात दोन खणांचा फरक. तिथे राहणाऱ्या काकूंना फोन केला. त्या आता मुलाकडे असतात. म्हणाल्या, "मोजले नाहीत रे कधी. सारवायला अख्खी सकाळ जायची."

फोटोत दोनच खांब येतात, पुढे कुणाचं तरी लग्न आहे. पाच खण असतील तर दर्शनी ओळीत सहा खांब लागतात, सात असतील तर आठ. खांब ट्रकात गेले, पण खालची दगडी उथळी व्यापाऱ्याने नेली नव्हती. ती मोजली तरी भांडण मिटेल म्हणून रविवारी आम्ही दोघं शोधायला निघालो. दोन मारुतीच्या पारापाशी म्हाताऱ्या मंडळींच्या बैठकीला आहेत. एक हातपंपाजवळ, त्यावर कपडे आपटतात. एक गॅरेजवाल्याने टायर ठेवायला नेलं आहे. बाकीची नव्या कॉम्प्लेक्सच्या पायात भरावाला गेली, असं मुकादम म्हणाला. किती होती ते त्याच्या लक्षात नव्हतं.